न्याहारीच्या खोक्यावरील बारीक अक्षरे



नोकरीधंद्याच्या निमित्ताने दिल्लीला, हैदराबादला किंवा कोलकात्याला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात डोकावले, तर पोह्यांच्या डब्याशेजारी आता एक रंगीत खोका हमखास आढळतो. कोणाकडे तो कॉर्नफ्लेक्सचा असतो, कोणाकडे ओट्सचा. जरा हौशी घर असेल तर म्युस्लीचा, आणि घरात शाळकरी मूल असेल तर चॉकलेटचा लेप दिलेल्या गव्हाच्या शिंपल्यांचा. पुणे-मुंबईकडेही हेच चित्र आहे. हे खोके आपल्याकडे आले ते चवीपेक्षा पोषणाच्या आश्वासनावर. म्हणून त्यांची परीक्षाही त्याच कसोटीवर व्हावी, हे न्याय्य होईल.

मी वैद्य नाही आणि आहारशास्त्राचा अभ्यासकही नाही. आयुष्याची बरीच वर्षे सरकारी कागद वाचण्यात गेली, एवढीच माझी पात्रता. पण त्या नोकरीत एक गोष्ट पक्की समजते. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत जे लिहिलेले असते त्याहून परिशिष्टातील बारीक अक्षरांचा तक्ता अधिक खरे बोलतो. या खोक्यांचेही तसेच आहे. दर्शनी बाजूस सूर्योदय, गव्हाच्या लोंब्या आणि हसरे मूल. मागच्या किंवा कडेच्या बाजूस घटकांची यादी आणि दर १०० ग्रॅमचा पोषणतक्ता. आज आपण ही दुसरी बाजू वाचू.

प्रथम कॉर्नफ्लेक्स. त्यांचे कूळ अमेरिकेतील मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक या गावचे. तेथील आरोग्यधामाचे प्रमुख डॉ. जॉन हार्वे केलॉग आणि त्यांचे धाकटे बंधू विल कीथ केलॉग यांनी १८९४ च्या सुमारास शिजवलेला गहू रुळांमधून काढून त्याच्या चकत्या पाडल्या; पुढे तीच क्रिया मक्यावर केली. रुग्णांना पचायला हलके, मसाल्याने न चाळवणारे अन्न द्यावे, एवढाच डॉक्टरांचा हेतू होता, आणि साखरेचे तर त्यांना वावडे होते. धाकट्या बंधूंची दृष्टी व्यापाऱ्याची. त्यांनी १९०६ साली स्वतंत्र कारखाना काढला आणि चकत्यांना साखरेची गोडी दिली. दोघा भावांचे पुढे कायमचे बिनसले. न्याहारीच्या धान्यातील साखरेचा वाद असा त्या धान्याइतकाच जुना आहे.

कॉर्नफ्लेक्स कसे होतात हे कळले की त्यांचा तक्ता आपोआप उलगडतो. मक्याच्या दाण्याचा कोंडा आणि अंकुर प्रथम काढून टाकतात. अंकुरात तेल असते व तेल खवट होते, म्हणून महिनोन्‌महिने दुकानात राहणाऱ्या मालाला तो गैरसोयीचा. परंतु दाण्यातील स्निग्धांश आणि जीवनसत्त्वांचा मोठा वाटा त्याच अंकुरात असतो, आणि चोथा असतो कोंड्यात. उरलेल्या पिष्टमय गराचे जाडसर कण साखर, मीठ आणि माल्ट घालून वाफेच्या दाबाखाली शिजवतात, वाळवतात, मुरवतात, जड रुळांखाली चेपतात आणि खरपूस भाजतात. हाती येते ती चकती १०० ग्रॅममागे सुमारे ३७५ ते ३८० उष्मांक देते. त्यात पिष्टमय पदार्थ ८४ ग्रॅमच्या आसपास, पैकी साखर ८ ग्रॅम. प्रथिने ७ ग्रॅम. चोथा जेमतेम ३ ग्रॅम. स्निग्धांश एक ग्रॅमहूनही कमी. शिवाय ग्रॅमभर मीठ. गोड लागणाऱ्या पदार्थात मीठ असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाही. तक्त्यात ते ‘सोडियम’ या नावाने असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे वजन निघते.

यात विषारी असे काही नाही, हे मुद्दाम सांगतो. ८ ग्रॅम साखर ही या बाजारात संयमाचीच म्हणावी लागेल. दोष आहे तो निराळ्याच ठिकाणी. अन्न खाल्ल्यावर रक्तातील साखर किती झपाट्याने चढते याचे एक माप शास्त्रज्ञांनी ठरविले आहे. शुद्ध ग्लुकोजला १०० धरून इतर पदार्थांना अंक दिले जातात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय कोष्टकात कॉर्नफ्लेक्सचा सरासरी अंक ८१ आहे. आपल्या घरच्या पांढऱ्या साखरेचा ६५. कारण उघड आहे. पिष्ट शिजवून, चेपून, भाजून इतके सुटे झालेले असते की आतड्याला करण्यासारखे फारसे काम उरत नाही. सकाळी आठला पोटभर खाल्लेले दहाला पुन्हा मागू लागते ते यामुळे. मधुमेही गृहस्थांनी ‘साखर कमी’ एवढेच वाचून समाधान मानू नये.

भारतात हा पदार्थ मोहन मेकिन या कंपनीमुळे पूर्वीच परिचित होता. १९९४ साली केलॉग कंपनी रायगड जिल्ह्यातील तळोजे येथे कारखाना घालून आली, तेव्हा मोठा गाजावाजा झाला, पण खप मात्र लवकरच थंडावला. भारतीय माणूस दूध तापवून गरम पितो, आणि गरम दुधात त्या चकत्यांचा लगदा होतो, हे सात समुद्रांपलीकडून आलेल्या तज्ज्ञांच्या ध्यानात आले नव्हते. आमच्याकडील कोणत्याही गृहिणीने हे फुकट सांगितले असते.

आता ओट्स. या धान्याला आपल्याकडे ‘जई’ म्हणतात, पण त्या नावाने मागितल्यास दुकानदार तुमच्याकडे पाहत राहील. जईचा अंकुर व कोंडा काढलेला नसतो. म्हणूनच ती खवट होऊ नये यासाठी कारखान्यात तिला प्रथम वाफ देऊन भाजावे लागते, आणि मग रुळाखाली चेपावे लागते. १०० ग्रॅममध्ये प्रथिने १२ ते १३ ग्रॅम, स्निग्धांश ६ ते ७, चोथा १० ग्रॅम, साखर एखादा ग्रॅम, मीठ जवळजवळ शून्य. कॉर्नफ्लेक्सशी ताडून पाहा. प्रथिने दुपटीला टेकलेली, चोथा तिप्पट. या चोथ्यातही बीटा-ग्लुकान नावाचा एक बुळबुळीत अंश असतो, ज्यामुळे शिजवलेले ओट्स चिकट होतात. तो दररोज ३ ग्रॅम पोटात गेल्यास रक्तातील घातक कोलेस्टेरॉल काही अंशी उतरते, हे इतके पुराव्याने सिद्ध झाले की १९९७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तसे वेष्टनावर छापण्यास अनुज्ञा दिली. परंतु ३ ग्रॅमसाठी कोरडे ओट्स सुमारे ७५ ग्रॅम लागतात. चमचाभर ओट्स घातलेल्या बिस्किटावर ‘हृदयासाठी हितकर’ अशी प्रौढी मिरवलेली दिसते, तेव्हा हा हिशेब आठवावा.

ओट्स म्हटले की सगळे सारखेच, हा समजही खरा नाही. जाड चेपलेल्या ओट्सच्या लापशीचा मघाचा अंक ५५ आहे. उकळते पाणी ओतताच तयार होणाऱ्या झटपट ओट्सचा ७९. धान्य तेच, पण जितके बारीक, पातळ आणि आधीच शिजवलेले, तितके ते कॉर्नफ्लेक्सच्या पंक्तीला जाऊन बसते. मसाल्याच्या पुडीसह येणाऱ्या चटपटीत ओट्समध्ये मिठाचा भरणाही बराच असतो. पाच मिनिटे वाचविण्याची ही किंमत आहे.

म्युस्लीविषयी फार वेळ घेत नाही. झुरिचचे डॉ. बिर्खर-बेनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या रुग्णांना जी म्युस्ली दिली, ती मुख्यत्वे किसलेल्या सफरचंदाची वाटी होती. ओट्स त्यात चमचाभर, तेही रात्रभर भिजवलेले. आज खोक्यात मिळते तिच्यात ताज्या फळाच्या जागी पाकवलेले, सुकवलेले तुकडे असतात. बदाम-काजू व ओट्स भरपूर असलेली, साखर न घातलेली म्युस्ली उत्तम आहे आणि महागही आहे. बाकीच्यांच्या घटकांच्या यादीत कॉर्नफ्लेक्स आणि साखर किती वर आहेत, ते पाहावे. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देण्याचा नियम आहे. मात्र त्यातही एक पळवाट असते. साखर, ग्लुकोज पाक, मध, माल्टचा अर्क अशा चार नावांनी गोडी विभागली, की प्रत्येक नाव खाली सरकते आणि धान्य वर राहते. नावे निराळी असली तरी खाते एकच. बेरीज आपण करायची.

आता मुलांच्या खोक्यांकडे वळतो, कारण खरा प्रश्न तेथे आहे.

अमेरिकेत १९७० साली रॉबर्ट चोट नावाच्या गृहस्थांनी सिनेटच्या उपसमितीपुढे ६० प्रकारच्या न्याहारी-धान्यांची तुलना मांडली. हे शिक्षणाने स्थापत्य अभियंते, आणि उपासमारीच्या प्रश्नावर सरकारचे सल्लागार राहिलेले. त्यांनी केवळ वेष्टनांवरील व उपलब्ध आकडे घेऊन क्रम लावला, आणि ६० पैकी ४० प्रकार निव्वळ उष्मांक पुरविणारे, पोषणाच्या नावाने पोकळ, असे सांगितले. मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत ज्यांची जाहिरात सर्वाधिक, तेच नेमके यादीच्या तळाशी. मोठे वादळ उठले. कारखानदारांनी उत्तर शोधले ते असे, की त्याच मालावर जीवनसत्त्वांचा व लोहाचा फवारा मारला. तक्ता एकदम भारदस्त झाला. धान्य होते तेच राहिले. त्याच दशकात ह्यूस्टनच्या आयरा शॅनन या दंतवैद्याने बाजारातून ७८ प्रकार विकत आणून त्यांतील साखर मोजली, तेव्हा ११ प्रकारांत निम्म्याहून अधिक वजन साखरेचेच निघाले. पुढे १९८० च्या दशकात अनेक खोक्यांच्या नावांतून ‘शुगर’ हा शब्द गळाला आणि त्याच्या जागी ‘हनी’, ‘गोल्डन’ असे शब्द आले. वाटीतली साखर बरीचशी जागेवर राहिली.

आपल्याकडे मिळणाऱ्या चॉकलेटी प्रकारांत आजही साधारण पाव ते तिसरा हिस्सा साखर असते. ३० ग्रॅमच्या वाढणीत नऊ-दहा ग्रॅम, म्हणजे दोन चहाचे चमचे. पण ३० ग्रॅम म्हणजे किती, हे आपण कधी तोलून पाहिले आहे काय? मी घरी तराजूवर पाहिले. कॉर्नफ्लेक्सने वाटी भरते. तेच वजन म्युस्लीचे घेतले तर वाटीचा तळ कसाबसा झाकतो. मूल काही तोलून घेत नाही, वाटी भरून घेते. ६० ग्रॅमला साखर चार चमचे झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रौढ माणसासाठीसुद्धा वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असे सुचविले आहे. शाळेची घंटा होण्यापूर्वीच मुलाचा त्यातला मोठा वाटा संपलेला असतो.

आमच्या कचेरीत एक शिपाई आहेत. माणूस सरळ, कष्टाळू. त्यांच्या धाकट्या मुलाचे वजन वाढत नव्हते. एके दिवशी ते म्हणाले, “साहेब, आता खोक्यातला नाश्ता सुरू केलाय. लोह आहे, दहा जीवनसत्त्वं आहेत. महाग पडतो, पण पोराच्या बाबतीत काटकसर नको.” काटकसर त्यांनी केली होती, ती मात्र दुसऱ्या बाजूने. खोक्याचा खर्च भागविण्यासाठी घरचे दूध लिटराऐवजी अर्धा लिटर केले होते. मी कागद घेतला आणि आम्ही दोघांनी हिशेब मांडला. ३० ग्रॅम खोक्यातून प्रथिने मिळतात दोन-अडीच ग्रॅम. त्यावर ओतलेल्या दीडशे मिलिलिटर दुधातून मिळतात पाच ग्रॅम, आणि जवळपास पावणेदोनशे मिलिग्रॅम कॅल्शियम. शिवाय मक्याच्या प्रथिनात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन या दोन घटकांची उणीव असते, ती भरून काढते ते दूधच. खोक्यावर ‘दुधासह’ म्हणून जो रकाना छापलेला असतो, त्यातील मोठेपणा बराचसा म्हशीचा किंवा गाईचा असतो. कमी केले होते तेच नेमके वाढवायला हवे होते. ते कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. “मग हे खोक्यावर का लिहीत नाहीत, साहेब?” असे त्यांनी विचारले. लिहिलेले असते, पण शेजारी हसणाऱ्या अस्वलाच्या चित्राकडेच डोळे जावेत अशी रचना असते, एवढेच मी सांगू शकलो. त्यांच्या घरी दुधाचे माप पुन्हा लिटरवर आले आहे.

खोक्यावरील लोहाविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. कित्येक न्याहारी-धान्यांत लोह घातले जाते ते लोखंडाच्या अतिसूक्ष्म भुकटीच्या रूपात. चुरा पाण्यात कालवून त्यात प्रभावी लोहचुंबक फिरविल्यास राखी कण चिकटून येतात. शाळेत करून दाखविण्याजोगा प्रयोग आहे. हे लोह निरुपयोगी नसते, परंतु शरीर त्याचा थोडाच अंश शोषून घेते. तक्त्यातील मिलिग्रॅम आणि रक्तात पोहोचलेले मिलिग्रॅम यांत अंतर राहतेच.

येथे काही श्रोत्यांना वाटत असेल, की आता मी पोह्यांचा जयजयकार करणार. तसे करता येणार नाही. आकड्यांशी प्रामाणिक राहायचे तर पोहे आणि कॉर्नफ्लेक्स ही जवळची भावंडे आहेत. भात भिजवून, भाजून, चेपला की पोहे. मका शिजवून, चेपून, भाजला की कॉर्नफ्लेक्स. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकाप्रमाणे १०० ग्रॅम पोह्यांत प्रथिने सुमारे साडेसात ग्रॅम, चोथा साडेतीन, स्निग्धांश एक ग्रॅमच्या थोडा वर, उष्मांक साडेतीनशे. मीठ-साखर नाही, ही जमेची बाजू. पण केवळ पोहे म्हणजे मुख्यत्वे पिष्टच.

लोहाची गोष्ट तर अधिक मनोरंजक आहे. डॉ. गोपालन यांच्या जुन्या, घरोघरी प्रमाण मानल्या गेलेल्या कोष्टकात पोह्यांतील लोह १०० ग्रॅमला २० मिलिग्रॅम दिले होते. त्या एका आकड्यावर किती व्याख्याने झाली असतील! २०१७ च्या कोष्टकात तो आकडा साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास आला आहे. मधल्या काळात मोजण्याची साधने सुधारली. तरीही ‘पोहे म्हणजे लोहाची खाण’ हे वाक्य अजून जुन्याच आकड्यावर चालू आहे. सरकारी दफ्तरात रद्द झालेले परिपत्रक जसे वर्षानुवर्षे उद्धृत होत राहते, तसेच हे.

तरीसुद्धा माझे मत पोह्यांच्या बाजूस झुकते, त्याचे कारण पोह्यांत नाही, ते फोडणीच्या कढईत आहे. कांदेपोह्यांत मूठभर, म्हणजे १५ ग्रॅम शेंगदाणे पडले की साडेतीन ग्रॅमच्या वर प्रथिने आली. मटार पडले, कोथिंबीर पडली, वर लिंबू पिळले. लिंबातील क जीवनसत्त्व धान्यातील लोहाचे शोषण वाढविते. आपल्या आज्यांनी ते चवीसाठी पिळले, पण काम दोन्ही झाले. उलट पोह्यांबरोबर लगेच घेतलेला चहा तेच लोह अडवतो. चहा तासाभराने घ्यावा. कोकणातील दडपे पोह्यांत ओले खोबरे असते, इंदूरला पोह्यांवर शेव आणि बडीशेप येते. शेवेचे तेल-मीठ मी या हिशेबात धरत नाही, इंदूरकरांनी क्षमा करावी. खोक्यातील पदार्थ कारखान्यातच पूर्ण झालेला असतो. त्यात दुधापलीकडे सहसा काही पडत नाही. पोह्यांत, उपम्यात, घावनात काय घालायचे ते आपल्या हाती असते. अर्थात तेलही आपल्याच हाती असते, आणि तेथे आपला हात पुष्कळदा सैल सुटतो.

तुलनेच्या तक्त्यात आपल्या एका धान्याचे नाव सर्वांत वर लिहावे लागेल, ते नाचणीचे. प्रथिने तिच्यातही सातच ग्रॅम, पण चोथा अकरा ग्रॅम आणि कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर. त्यातील सर्वच अंगी लागते असे नाही, कारण धान्यातील फायटेट त्याला धरून ठेवते. मात्र नाचणी भिजवून मोड आणले तर हे बंधन सैल होते. मोड आणून, सुकवून, भाजून दळलेले सत्त्व ताकात किंवा दुधात दहा मिनिटांत शिजते. बाजरीत लोह सहा मिलिग्रॅमच्या वर आणि प्रथिने अकरा ग्रॅम आहेत. ही धान्ये आपल्या फळीवरून खाली गेली ती गरिबीची खूण समजली गेली म्हणून. आता तीच चकत्यांच्या रूपाने खोक्यात शिरून चौपट भावाने परत येत आहेत. खोका उलटून पाहाल तर पुष्कळदा यादीत पहिले नाव तांदळाचे किंवा मक्याचे निघते आणि नाचणी दहा-पंधरा टक्के.

घरापासून दूर, खोलीवर राहणारी मुले-मुली मला विचारतात, की आमच्याकडे कढई नाही, फोडणी नाही, वेळही नाही. आम्ही काय करावे? त्यांच्यासाठी खोका टाकाऊ नाही. जाड ओट्स रात्री दुधात किंवा दह्यात भिजत घालावेत, सकाळी त्यात केळे आणि मूठभर भाजके शेंगदाणे घालावेत; चुलीची गरज नाही. ओट्स ४० ग्रॅम, दूध २०० मिलिलिटर आणि शेंगदाणे १५ ग्रॅम यांतून पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. हाती कॉर्नफ्लेक्सच असतील तर निम्मे कॉर्नफ्लेक्स आणि निम्मे भाजके चणे घेऊन पाहावे. दुधात ते थोडे विचित्र लागतात, दह्यात मात्र बरे लागतात. आणि विकत घेताना १०० ग्रॅमचा रकानाच वाचावा, वाढणीचा नव्हे, कारण वाढणी किती ग्रॅमची धरायची हे प्रत्येक कारखानदार आपल्या सोयीने ठरवितो.